नाक्यावरचा देव

मुंबईत मेट्रो सिनेमाच्या चौकाजवळ डॉ. अकासिओ व्हिएगस यांचा पुतळा आहे. त्याच्याकडे सहसा कोणी बघत नाही; तिथे प्रत्येकाचं लक्ष सिग्नलवर असतं. मी मात्र पुण्याहून सकाळच्या गाडीने येऊन, सीएसएमटीपासून चालत, मुद्दाम त्याच्याकडेच आले होते. प्लेगच्या काळात घाबरलेली मुंबई कुठे कुठे देवापुढे उभी राहिली, त्यातल्या काही जागा मला दिवसभरात बघायच्या होत्या. अशा फेरीची सुरुवात डॉक्टरपासून करणं काहींना उफराटं वाटेल. पण या शहराला त्याच्या भीतीचं नाव सांगितलं ते याच माणसाने.

व्हिएगस मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. मांडवीत त्यांचे रोगी होते. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याची गोदामं, गोदामांत उंदीर आणि गोदामांच्या माथ्यावर दाटीवाटीने राहणारी माणसं. १८९६ च्या सप्टेंबरात तिथे तापाने फणफणलेले, जांघेत गाठी आलेले रोगी त्यांनी पाहिले आणि हा प्लेग आहे असं उघड सांगितलं. दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये तो पसरला होता. तिथूनच जहाजाने इथे आला असावा, असं मानतात. बंदरावर जगणाऱ्या शहराला ही बातमी नको होती. पण गाठी कोणाची मर्जी बघून येत नव्हत्या.

मुंबईची वस्ती तेव्हा सव्वाआठ लाखांच्या घरात होती. पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्यातले साडेतीन लाखांहून अधिक लोक शहर सोडून गेले. गिरण्यांना मजूर मिळेनात. माणसं बोटींनी कोकणात गेली, आगगाडीने घाटावर गेली आणि त्यांच्या गाठोड्यांतून प्लेगही गेला. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक माणसं नेली.

आमच्या घरात प्लेगच्या गोष्टी पणजीकडून आजीकडे आणि आजीकडून माझ्याकडे आल्या. त्यांत डॉक्टर नव्हता आणि देवही फारसा नव्हता, उंदीर होता. घरात उंदीर पडला की चूल विझवायची, भांडीकुंडी गाडीत घालायची आणि माळावर झोपडी टाकायची. सगळं गाव शिवारात राहायला जाई. ज्याला गाठ आली त्याची झोपडी आणखी लांब. आजी हे सांगताना आवाज खाली आणत नसे, पेरणीबद्दल बोलावं तशी बोलत असे. पण लहानपणी रात्री माळ्यावर खुडबुड झाली की आपण आईच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपायचो, हेही तिनेच सांगितलं होतं.

सरकारही घाबरलं होतं, आणि घाबरलेलं सरकार फार वाईट वागतं. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. २०२० च्या मार्चमध्ये आपल्यावर लागू झाला तो हाच कायदा. घरात शिरून झडत्या, रोग्याला उचलून इस्पितळात, उरलेल्यांची रवानगी छावणीत, उजेड आत यावा म्हणून छपरांना भोकं, भिंतींना चुना, अंथरुणांची होळी. इस्पितळात गेलेलं माणूस परत येत नाही, एवढंच लोक बघत होते. १८९६ च्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेला तो रोगाच्या भीतीने नव्हे, इस्पितळाच्या. पुण्यात रँडसाहेबाने काय केलं आणि १८९७ च्या २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचं काय झालं, हे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगानेच गेल्या, हे तितक्या चटकन कोणी सांगत नाही. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठुंगळी घेऊन त्या आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात गेल्या आणि तो रोग त्यांना लागला. सत्यशोधकांचा निर्मिक मूर्तीत नसतो. त्या दिवशी तो त्यांच्या पाठीवर होता असं मी म्हटलं, तर त्या रागावल्या नसत्या असं मला वाटतं.

चौकातून जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने निघाले. मे महिना, दहाचं ऊन, आणि रस्ताभर पुस्तकं, वाद्यं, चष्मे, लग्नपत्रिका यांची दुकानं. ठाकूरद्वारापर्यंत पोहोचेतो एक शहाळं आणि एक पीयूष झालं. पीयूष पिताना प्लेगचा विचार करणं अवघड असतं; गिरगाव माणसाला फार काळ गंभीर राहू देत नाही.

खोताची वाडी मोठ्या रस्त्यापासून दोन पावलं आत आहे, पण आत शिरल्यावर हॉर्नचे आवाज मागे राहतात. लाकडी घरं, बाहेरून वर चढणारे जिने, पुढच्या पडवीत आरामखुर्ची. पाठारे प्रभूंपैकी दादोबा वामन खोत यांची ही जमीन. त्यांनी तुकडे पाडून दिले आणि बरीच घरं ईस्ट इंडियन कुटुंबांची झाली. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी आणि वसईचे मूळचे रहिवासी, पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले आणि मराठी न सोडलेले. गोव्या-मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी हे नाव घेतलं. लग्नात उंबराचं पाणी आणणारी, लुगडं नेसणारी, बाटलीतल्या मसाल्यावाचून मटण न रांधणारी ही माणसं. पुण्याच्या पेठांत वाढलेल्या मला ती चाळिशी उलटल्यावर भेटली.

वाडीत एक छोटं प्रार्थनाघर आहे. प्लेगातून वाचल्याची कृतज्ञता म्हणून ते बांधलं असं इथले लोक सांगतात. स्कूटर धूत असलेल्या एका गृहस्थांना मी विचारलं. त्यांनी नळ बंद केला, हात पुसले आणि म्हणाले, “आमचे वाचले ना, म्हणून.” मग पुन्हा नळ सोडला.

मी थोडा वेळ तिथेच उभी राहिले. कृतज्ञतेचा हा हिशेब मला नेहमीच अडचणीत टाकतो. वाचलेले लोक बांधतात, आणि ते बरोबरच आहे. पण शेजारच्या वाडीत ज्यांचे वाचले नाहीत त्यांनीही तीच प्रार्थना केली असेल, तेवढ्याच मेणबत्त्या लावल्या असतील. त्यांच्या वतीने कोणी काय बांधायचं? देवाने आम्हाला वाचवलं, या वाक्याच्या पाठीमागे एक न उच्चारलेलं वाक्य उभं असतं, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलंय त्याला तेच आधी ऐकू येतं. हे मला ठाऊक आहे. कसं, ते पुढे येईल.

चर्नी रोडहून स्लो लोकल पकडून माहीमला उतरले. शीतलादेवीच्या देवळाला जायचं होतं. हे देऊळ प्लेगाच्या आधीचं, आणि देवी प्लेगाची नाही, अंगावर फोड उठवणाऱ्या त्या दुसऱ्या रोगाची, ज्याला आपण देवीच म्हणतो. तरी ते माझ्या वाटेत हवं होतं. एक तर भीतीच्या काळात मुंबई ज्या दारांशी गेली त्यांत हे दार जुनं आहे. आणि दुसरं म्हणजे, जिचा रोगच आता जगात उरलेला नाही अशी ही देवी. भारतातला शेवटचा रोगी १९७५ मध्ये सापडला. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग त्या रोगातून सुटल्याचं जाहीर केलं. एखाद्या सरकारी खात्याचं काम असं संपलं असतं तर खातं बंद झालं असतं. (कदाचित झालंही नसतं.) देवीचं मात्र तसं काही झालेलं नाही. देवळात माणसं होती, ओट्या होत्या, बाहेर फुलवाल्या होत्या, आणि आता तर भुयारी मेट्रोच्या एका स्थानकाला तिचं नाव आहे.

रांगेत माझ्यापुढे एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. मुलाला कांजिण्या येऊन गेल्या होत्या, खपल्या अजून दिसत होत्या. डब्यात दहीभात आणला होता. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवलं का? तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझ्या पुणेरीपणाची लाज वाटावी. “दाखवलं की. औषध संपलं, म्हणून तर आले.” म्हणजे आधी डॉक्टर, मग देवी, मधे कसलाही वाद नाही. वाद आमच्यासारख्यांच्या डोक्यात.

शीतलेचं रूप फार बोलकं आहे. वाहन गाढव, हातात झाडू, दुसऱ्या हातात पाण्याचा घडा, डोक्यावर सूप. तिला ताजं शिजवलेलं चालत नाही. श्रावणातल्या सप्तमीला चूल पेटवायची नाही, थंड खायचं. तापलेल्या अंगाला गार ठेवायचं, घर झाडायचं, पाणी शिंपडायचं आणि आजाऱ्याजवळ कडुलिंबाचा डहाळा ठेवून शांत बसायचं. त्या रोगावर औषध नव्हतं तेव्हा आजाऱ्याशेजारी बसलेल्या आईला हाताने करण्यासारखं काहीतरी या देवीने दिलं. मला हे कमी वाटत नाही. भीतीत सगळ्यांत वाईट काय असेल तर रिकामे हात. आणि झाडू आणि पाणी तर व्हिएगसही मागत होते; वस्त्या साफ करा, उंदीर मारा, म्हणून ते ओरडून सांगत होते.

सगळाच देवाचा आधार असा निर्मळ नसतो, हेही इथेच सांगते. देशावरच्या गावागावांत वेशीबाहेर मरीआई असते. पटकी आली, प्लेग आला, की तिचा कोप झाला म्हणायचं आणि मग गाडा काढायचा. लाकडाचा छोटा गाडा, त्यात देवी, लिंबू, हिरव्या बांगड्या, नैवेद्य. वाजतगाजत तो गावाच्या शिवेवर न्यायचा आणि पलीकडे सोडायचा. पलीकडे दुसरं गाव असतं. ते गाव सकाळी उठून गाडा बघतं, घाबरतं आणि तो त्याच्या पुढच्या शिवेवर नेतं. पुढे अंगावर आसूड ओढत जाणारा पोतराज, तोही गावकुसाबाहेरचा. आपल्या गावाचा धीर शेजारच्या गावाच्या जिवावर, आणि देवीशी बोलणी करायला ज्याला एरवी देवळात घेत नाही तो. आमच्या आजोळी गाड्याची आठवण लोक कौतुकाने काढतात. मला त्यात पलीकडच्या गावातली सकाळ दिसते. २०२० मध्ये मुंबई-पुण्याहून चालत गेलेल्या आपल्याच माणसांना गावांनी वेशीवर काटेरी झुडपं टाकून अडवलं, तेव्हाही ती दिसली होती.

वांद्र्याला पोहोचेतो साडेचार झाले. प्लेग आला तेव्हा वांद्रे मुंबईत नव्हतं. त्याची स्वतःची नगरपालिका होती, आणि ते मुंबईत आलं १९५० मध्ये. भातशेती, ताडी-माडाची झाडं आणि त्यांत विखुरलेली गावठाणं: रानवर, शेर्ली, राजन, माला, पाली, चुईम, कांतवाडी, किनाऱ्याला कोळ्यांचं चिंबई. आजही ती आहेत, उंच इमारतींच्या बुंध्याशी. हिल रोडवर कपड्यांच्या ढिगांतून वाट काढत आलं, एक गल्ली वळलं, की एकदम बुटकी कौलारू घरं सुरू होतात.

आणि क्रूस. नाक्यावर, दोन घरांच्या मधे, भिंतीत अर्धा बुडालेला, आंब्याखाली, गटाराच्या कडेला. दगडी, चुना लावलेले, काही काचेच्या पेटीत, जवळजवळ सगळ्यांच्या गळ्यात झेंडूच्या माळा. माळा विकणाराही तोच, जो सकाळी देवळासमोर बसतो. काही क्रूस प्लेगाहून जुने आहेत. पण कितीएकांच्या पायथ्याशी कोरलेली सालं १८९६ पासून पुढच्या दहाएक वर्षांतली आहेत, आणि लोक त्यांना सरळ प्लेगचे क्रूस म्हणतात. दगडावर नुसता क्रूस नसतो. येशूच्या शेवटच्या दिवसातली सगळी अवजारं कोरलेली असतात: शिडी, खिळे, हातोडा, पक्कड, भाला, सैनिकांनी त्याच्या कपड्यांसाठी टाकलेले फासे, पहाटे आरवलेला कोंबडा. खाली कवटी आणि दोन हाडं. मला प्रथम हे सगळं भयानक वाटलं. मग एका क्रुसासमोर बराच वेळ थांबल्यावर लक्षात आलं की इथे देव सुटलेला दाखवलेला नाही. तो अडकलेला आहे, त्याला वेदना होताहेत, त्याचे मित्र पळालेत. गाठ आलेल्या माणसाने याच्याकडे बघितलं असेल तर ‘हा मला वाचवील’ याच्याही आधी त्याला ‘याला कळेल’ असं वाटलं असेल.

हे क्रूस रस्त्यावर का, याचं उत्तर गावठाणातला जो तो जवळजवळ एकाच शब्दांत देतो. घरात दाटी आणि प्लेग, देवळात गर्दी आणि प्लेग. मग प्रार्थना बाहेर, उघड्यावर, आपापल्या नाक्यावर. सगळ्याच क्रुसांची कहाणी इतकी सरळ नसणार. काही नवसाचे, काही कोणाच्या आठवणीतले, काही जमिनीच्या हद्दीवर उभारलेले. तरी मला ती कहाणी पटते. त्या सालांत भीती माणसांना एकमेकांपासून तोडत होती: अर्धं शहर पळालेलं, रोगी इस्पितळात, कुटुंब छावणीत, दारावर सरकारी खूण. त्याच वेळी काही माणसं संध्याकाळी घराबाहेर येऊन, हाताच्या अंतरावर का होईना, एका दगडाभोवती उभी राहत होती. क्रुसाने प्लेग थांबला नाही. क्रूस उभारल्यावरही प्लेग वर्षानुवर्षं हिवाळा आला की परत येत राहिला, आणि क्रूस उभारणारे तो येताना बघत होते. त्यांनी क्रूस पाडले नाहीत. म्हणजे सौदा काही वेगळाच होता.

इथे लोक सुईलाही घाबरत, ते सांगायला हवं. वॉल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्यानंतरही लोकांचा विश्वास बसेना. तिसऱ्या आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर टोचून घेतलं, तेव्हा ते पुढे आले. व्हिएगस यांनी स्वतःच्या हाताने हजारो माणसांना टोचलं. म्हणजे लशीवरही श्रद्धा नुसती आकड्यांनी बसली नाही. कोणीतरी आधी आपली बाही वर करून उभं राहिलं, मग बसली. क्रुसावरचा तो अडकलेला देव आणि स्वतःला टोचून घेणारा हाफकिन यांची मनात तुलना झाली. मग मी ती आवरली, कारण हाफकिन ज्यू होते आणि त्यांना ती आवडली नसती.

रानवरच्या एका पायरीवर बसले. समोर खाण्याचे डबे पोहोचवणारी दोन पोरं मोटारसायकली टेकवून मोबाइलवर ऑर्डरची वाट बघत होती. त्यातल्या एकाने हेल्मेट काढून क्रुसाच्या कठड्यावर ठेवलं होतं आणि कोणाचीही हरकत नव्हती.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझा थोरला भाऊ पुण्यातल्या एका रुग्णालयात होता. आम्हाला आत जाता येत नव्हतं. दिवसातून एकदा फोन येई आणि एक आकडा सांगितला जाई, ऑक्सिजनचा. चोवीस तास त्या आकड्यावर काढायचे. वहिनी एका खोलीत, आई दुसऱ्या घरात, मी तिसऱ्या, भाची बंगळुरात. कोणी सुरुवात केली आठवत नाही, पण संध्याकाळी सात वाजता सगळ्यांनी फोनवर एकत्र रामरक्षा म्हणायची असं ठरलं. मी देवाच्या बाबतीत आयुष्यभर उंबऱ्यावर उभी आहे, आतही नाही आणि बाहेरही नाही. सात वाजता मात्र मी फोन हातात घेऊन बसत असे. आवाज मागेपुढे होत, कोणाचा श्लोक कोणाच्या आधी संपे, आई मधेच रडू लागे आणि भाची तिची ओळ पुढे नेई. भाऊ परत आला नाही. आम्ही जे मागितलं ते मिळालं नाही, यात दुसरा अर्थ काढायला जागा नाही, आणि ज्यांनी आम्हाला तसा अर्थ काढून दाखवायचा प्रयत्न केला त्यांचे फोन मी घेईनासे झाले. पण सात वाजताची रामरक्षा चालू राहिली. तेराव्याच्या दिवशीही झाली. अजूनही होते. आई आता ती पूर्ण म्हणू शकत नाही, ऐकते.

म्हणून खोताच्या वाडीतलं ते वाक्य मला टोचलं होतं, आणि म्हणूनच वांद्र्याचे हे दगड मला जवळचे वाटत होते.

साडेसातला त्या नाक्यावर प्रार्थना आहे असं एका आंटींनी सांगितलं. मे हा मारियेचा महिना. ३ मे ही क्रूस सापडल्याची जुनी तिथी; चर्चच्या कॅलेंडरातून ती १९६० साली गेली, पण गावठाणांनी कॅलेंडराला विचारून क्रूस उभारले नव्हते. महिनाभर रोज कुठल्या ना कुठल्या क्रुसाशी रोझरी आणि लितानी होते. आंटींनी मला प्लास्टिकची खुर्ची दिली. त्यांचं बोलणं माझ्या मराठीपेक्षा कोळीवाड्याच्या जवळचं, आयलो-गेलोचं. “पुण्याशी आयली? फक्त या क्रुसासाठी?” आणि हसून पाठीमागे कोणाला तरी ओरडल्या की चणे जरा जास्त टाक.

माणसं जमू लागली. चड्डीतले मुलगे, ऑफिसातून सरळ आलेली एक मुलगी, वॉकर घेऊन एक आजोबा, त्यांना धरलेली नेपाळी बाई, एक कुत्रा. क्रुसाला ताज्या माळा चढल्या, मेणबत्त्या लागल्या आणि रोझरी सुरू झाली. अर्धी इंग्रजीत, अर्धी मराठीत. एकाने पुढची ओळ म्हणायची, बाकीच्यांनी मागची. तेच ते शब्द पुन्हा पुन्हा, पन्नास वेळा, आणि रिक्षावाले मधून हॉर्न देऊन जाताहेत. ज्या मनाला काही सुचत नाही त्याच्यासाठी शब्द कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेत. आमची रामरक्षाही त्याच कामी आली होती. घाबरलेल्या माणसाला स्वतःची प्रार्थना रचायला सांगणं म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचं पुस्तक देणं.

लितानी झाल्यावर एक पुरुष पुढे आला आणि त्याने गावातल्या मेलेल्यांची नावं घेतली. या वर्षी गेलेल्यांची आधी, मग मागच्यांची. नावं संपल्यावर तो म्हणाला, “आणि ज्यांची नावं आपल्याकडे राहिली नाहीत, प्लेगातले, त्यांच्यासाठी.” सगळ्यांनी उत्तर दिलं. मीही दिलं, मराठीत आणि थोडं उशिरा.

नंतर आंटी माझ्या शेजारी येऊन बसल्या. कोविडात काय केलंत, मी विचारलं. पहिल्या वर्षी नाक्यावर जमायला बंदी होती. मोतमावलीची, म्हणजे इथल्या माउंट मेरीची, सप्टेंबरची जत्राही त्या साली भरली नाही, जिथे हिंदू, कोळी, पारशी, सगळे मेणाचे हात-पाय-घरं-बाळं घेऊन रांगा लावतात. मला आमची वारी आठवली. त्याच वर्षी माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या आणि लाखोंच्या वाटा घरातच राहिल्या. आंटी म्हणाल्या, “आम्ही आपापल्या खिडकीत उभे राहायचो. साडेसातला. क्रूस सगळ्यांना दिसतो ना इथून. हा माणूस खाली एकटा यायचा, मेणबत्ती लावायचा, आणि आम्ही वरून म्हणायचो. पोलीस एकदा आला. त्याने ऐकलं आणि गेला.”

“भीती वाटत नव्हती?”

“वाटत होती की. माझे मिस्टर आत होते.” त्यांनी मान वळवून घराकडे दाखवलं. “आले ते घरी. पण समोरच्या घरातला पोरगा गेला. चौतीस वर्षांचा. त्याची आई रोज खिडकीत यायची. तो गेला त्या संध्याकाळी पण आली.” मग जरा थांबून, “मी तिला विचारलं एकदा, तुला राग नाय येत देवाचा? ती म्हणाली, येतो. त्यालाच सांगायला येते.”

ती बाई आत्ता इथे होती का, हे मी विचारलं नाही.

चणे आले. उकडलेले, खोबरं आणि मिरची घातलेले, कागदाच्या द्रोणात. डबे पोहोचवणाऱ्या पोरांनाही मिळाले. त्यांची ऑर्डर एव्हाना आली होती, पण द्रोण संपेपर्यंत ती थांबली. वॉकरवाल्या आजोबांना ग्लासातून काहीतरी दिलं गेलं, ज्याला सगळे सरबत म्हणत होते. दोन मुलगे माळांच्या खर्चावरून भांडले. कोणी तक्रार केली की रस्ता रुंद होणार म्हणताहेत, मग या क्रुसाचं काय. कोणी म्हणालं कागद आहेत, कोणी म्हणालं कागद होते, आणि त्यावरून एक चांगला दणदणीत वाद सुरू झाला. ज्याने मेलेल्यांची नावं घेतली होती तोच त्यात सगळ्यांत मोठ्याने बोलत होता.

माझी शेवटची गाडी चुकेल म्हणून मी उठले. आंटींनी अडवलं. उद्या चुईमला आहे, परवा पालीला, शुक्रवारी चिंबईला कोळणींची, तिथले चणे इथल्यापेक्षा चांगले असतात पण मी असं म्हटलं म्हणून सांगू नकोस. पुढच्या वर्षी महिनाभरासाठी ये, झोपायची सोय होईल. आईला घेऊन ये. मी म्हटलं, आईला आता फार बोलता येत नाही. “मग काय झालं,” त्या म्हणाल्या, “ऐकायला बसेल. आमच्यातले निम्मे तेच करतात,” आणि वादात पडायला त्या तिकडे वळल्या.